हिरवळीवरचे डाग



फेब्रुवारी सरत आला, कीं पुण्याच्या उपनगरांतील पुष्कळ बंगल्यांतून एक तक्रार ऐकूं येऊं लागते. दिवाळीपर्यंत पाचूच्या गालिचासारखी दिसणारी अंगणांतील हिरवळ जागोजाग पिवळी पडते. डाग वाटोळा, एखाद्या थाळीएवढा. मध्यें गवत जळून त्याचा भुसा झालेला, आणि सभोंवार मात्र एक गडद हिरवें कडें, इतर हिरवळीपेक्षां अधिक तजेलदार. घरांत कुत्रा असला तर या डागांचा कर्ता कोण, हें सांगावयास ज्योतिषी नको. मग घरांत दोन पक्ष पडतात.

असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. आजोबा नोकरींतून निवृत्त झालेले. त्यांनीं पांच वर्षांपूर्वीं स्वतः उकिडवें बसून हरळीच्या काड्या लावलेल्या. नात शाळेंत जाणारी. तिनें दोन वर्षांपूर्वीं कुत्रीचें एक पिल्लूं घरीं आणलेलें, तें आतां चांगलें वीस किलो वजनाचें झालेलें. मार्चमध्यें हिरवळीवर पंधरा डाग मोजून आजोबा निकाल देतात, "हिला गांवच्या शेतावर पाठवूं. तेथें मोकळीक आहे." नात त्या दिवशीं जेवत नाहीं. सून सुचविते, कीं निदान बांधून तरी ठेवावी. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून सांगतात, "तिच्या जेवणांत चमचाभर खाण्याचा सोडा घालीत जा, लघवीचा आंबटपणा मोडेल." आणि माळीबुवा म्हणतात, "साहेब, पाणीच कमी द्या तिला." पांच मिनिटांत चार उपाय निघतात, त्यांपैकीं शेवटचे दोन त्या मुक्या जनावराच्या जिवाशीं खेळणारे आहेत. पहिल्याविषयींहि इतकेंच सांगावें, कीं जुन्नर-आंबेगांवकडच्या शेतांवर जशी मोकळीक आहे तसा उसांत बिबट्याहि आहे, आणि अंगणांतला कुत्रा हें त्याचें आवडतें भक्ष्य आहे.

म्हणून उपायापूर्वीं कारण समजून घेणें बरें.

लघवी आंबट असते म्हणून गवत जळतें, हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. निरोगी कुत्र्याची लघवी बहुधा किंचित् आम्ल असते, कधीं कधीं तेवढीहि नसते. इतक्या आंबटपणानें हरळी मरत नाहीं. गवत जाळतें तें नत्र. मांस, अंडीं, दूध, डाळ यांतील प्रथिनें शरीरांत वापरलीं गेलीं, म्हणजे उरलेल्या नत्राचा यकृतांत युरिया बनतो आणि तो मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. हा युरिया आणि शेतकरी पोत्यानें विकत आणतो तो युरिया हे दोन निराळे पदार्थ नव्हत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश व्होलर यानें १८२८ सालीं प्रयोगशाळेंत युरिया तयार केला, तेव्हां आपले स्वीडिश गुरु बर्झेलियस यांना त्यानें मोठ्या आनंदानें कळविलें, कीं माणसाच्या अगर कुत्र्याच्या मूत्रपिंडावांचून आपणांस युरिया करतां येतो. रसायनशास्त्राच्या इतिहासांत कुत्र्याच्या मूत्रपिंडाला असा मान मिळून गेला आहे, पण हिरवळवाल्यांना त्याची वार्ता नसते.

बाजारांतील युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें. त्याची एक मूठ वाफ्यावर सारखी पसरून पाणी दिलें तर पीक तरारतें. तीच मूठ एका रोपाच्या बुडाशीं ओतली तर रोप करपतें. कुत्रा दुसरी गोष्ट करतो, एवढाच त्याचा अपराध. डागाच्या मध्यभागीं नत्राची आणि त्याबरोबरच्या क्षारांची इतकी दाटी होते, कीं मुळांना जमिनींतलें पाणी ओढून घेतां येत नाहीं. उलट त्यांच्यांतलेंच पाणी बाहेर ओढलें जातें. गवत ओल्या मातींत उभें राहून तहानेनें मरतें. कांठाकडे पोंचेपर्यंत मात्र ती लघवी पातळ झालेली असते, आणि तेथें तिचेंच खत होतें. तें गडद हिरवें कडें म्हणजे तेंच. पिकांवर गोमूत्र फवारतांना आपल्याकडे शेतकरी त्यांत दहापट पाणी घालतो, त्यामागेंहि हेंच तत्त्व आहे. न्यूझीलंडच्या कुरणांत गाय जेथें मूत्र सोडते तेवढ्याशा जागेवर हेक्टरी हजार किलोच्या हिशेबापर्यंत नत्र पडूं शकतें, आणि गवताला न पचलेलें तें नत्र पावसाबरोबर झिरपून नद्यांत व विहिरींत उतरतें, ही तेथील शेतीपुढची मोठी अडचण होऊन बसली आहे. अंगणांतला डाग त्याच गोष्टीची घरगुती आवृत्ति.

कुत्रीची लघवी कुत्र्यापेक्षां जहाल असते असेंहि पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. कुत्री बसते आणि सारें मूत्राशय एकाच जागीं रिकामें करते. वयांत आलेला नर पाय वर करून खांबावर, कुंडीवर, झुडुपावर थोडें थोडें शिंपडीत हिंडतो. त्याच्या घरीं हिरवळ वांचते आणि मोगरा मरतो. लहान पिल्लें, नर असोत वा मादी, बसूनच लघवी करतात. परिमाणहि ध्यानांत घ्यावें: निरोगी कुत्र्याला दर किलो वजनामागें दिवसाला सुमारें २० ते ४० मिलिलिटर लघवी होते. म्हणजे वीस किलोच्या कुत्रीची ४०० ते ८०० मिलिलिटर, आणि ती तीनचार जागीं. मोठ्या कुत्र्याच्या घरीं मोठे डाग, यांत गूढ कांहींच नाहीं.

मग पावसाळ्यांत तीच कुत्री, तीच हिरवळ आणि डाग मात्र नाहींत, हें कसें? कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाशांतून कोणी तरी दररोज पाणी घालीत असतो. डाग पडतात ते कोरड्या दिवसांत, जेव्हां गवत आधींच अर्धें तहानलेलें असतें. ज्या हिरवळीला हौसेनें युरियाचे हप्ते चालू आहेत तिच्यावर ते आणखी लवकर पडतात. तिच्यांत नत्राचा घडा कांठोकांठ भरलेला असतो, कुत्री फक्त शेवटचा थेंब घालते. तेव्हां ज्या घरीं कुत्रा आहे त्या घरीं हिरवळीला वरखत बेतानें द्यावें, उन्हाळ्यांत तर देऊंच नये, आणि कापणीहि फार खालून करूं नये. दोन इंचांची हरळी जें सोसते तें पाऊण इंचाची सोसत नाहीं.

सगळें खापर कुत्र्याच्या डोक्यावर फोडण्यापूर्वीं एक परीक्षा करावी. डागांतील सुकलेलें गवत मुठींत धरून हलकेंच ओढावें. लघवीनें जळलेलें गवत जागच्या जागीं घट्ट असतें. मुळें शाबूत असतात. तें जर सतरंजीसारखें उचलून हातांत आलें, तर खालीं हुमणी आहे असें समजावें. उसाच्या शेतकऱ्याला रडविणारी ती पांढरी, वांकडी अळी हिरवळीचीं मुळें तितक्याच आवडीनें कुरतडते. डाग वाढत चालला, कांठ धुरकट दिसला आणि पानांवर ठिपके असले, तर बुरशी असेल. गवत कापण्याच्या यंत्रांतून गळलेलें पेट्रोलहि वाटोळा डाग पाडतें, पण त्याला हिरवें कडें नसतें. तें कडें हीच कुत्र्याची सही.

आतां उपाय. खरा उपाय एकच आहे व तो फुकटचा आहे: पाणी, आणि तेंहि वेळेवर. ॲलार्ड नांवाच्या अमेरिकन पशुवैद्यानें या विषयावर केलेले प्रयोग १९८१ सालीं प्रसिद्ध झाले. लघवी पडल्यावर आठ तासांच्या आंत त्या जागीं पाणी घातलें तर नुकसान कमी झालें. बारा तास किंवा त्याहून अधिक उशीर झाला तर तें वाढत गेलें. लघवीच्या आम्लतेनें मात्र फरक पडला नाहीं. शेजारच्या गृहस्थांचा सोडा येथेंच निकालांत निघतो. कुत्री उठली कीं त्या जागीं दोन तांबे पाणी सावकाश ओतावें, म्हणजे लघवी दहापट पातळ होते, आणि जी जळाली असती तीच जागा आठ दिवसांनीं इतरांपेक्षां हिरवी दिसते. नुसतें शिंपडून भागत नाहीं. पाणी मुळांच्या खालीं उतरलें पाहिजे. काळ्या मातीच्या अंगणांत तें हळूहळू जिरतें, तेथें दोन खेपांत घालावें.

एप्रिल-मेमध्यें, धरणांतला सांठा घटून नळाचें पाणी मोजून येऊं लागतें तेव्हां, हिरवळीवर पाणी ओतणें कित्येकांच्या जिवावर येतें, आणि तें रास्तच आहे. पण दोन तांब्यांसाठीं नळ सोडावा लागत नाहीं. तांदूळ धुतलेलें, भाजी धुतलेलें पाणी एका बादलींत सांठवून ती अंगणाच्या पायरीशीं ठेवावी. साबणाचें किंवा सोड्याचें पाणी मात्र घालूं नये. त्यांत स्वतःचेच क्षार असतात. आणि दिवसांतून एकाच वेळीं हें करणें शक्य असेल, तर तें सकाळीं करावें. रात्रभर कोंडून राहिलेली पहिली लघवी सर्वांत दाट, म्हणून सर्वांत घातक असते.

त्याहून चांगलें म्हणजे ती पहिली लघवी हिरवळीवर पडूंच न देणें. अंगणाच्या एका कडेला सहा फूट लांब, चार फूट रुंद असा कोपरा निवडावा, वीतभर माती काढून त्यांत खडी व वर मुरूम किंवा जाड वाळू भरावी, म्हणजे पाणी खालीं निचरून जाईल. धर्मराजानें कुत्र्यासाठीं स्वर्गाचें दार नाकारलें. गृहस्थाजवळ येथें केवळ चोवीस चौरस फूट मागितले आहेत. कुत्र्याला उठल्याबरोबर, जेवल्यानंतर आणि निजण्यापूर्वीं साखळी लावून तेथें न्यावें. पहिल्या दिवशीं त्याच्याच लघवीनें ओली झालेली थोडी माती तेथें टाकून ठेवावी. नाकानें वाचणाऱ्या प्राण्याला ती पाटीच होय. एकच शब्द ठरवावा, तो सर्वांनीं वापरावा. आजोबांनीं एक, नातीनें दुसरा, असें करूं नये. काम झालें कीं तत्क्षणीं शाबासकी व भाकरीचा तुकडा. घरांत येऊन दहा मिनिटांनीं दिलेली शाबासकी कुत्र्याला कशाबद्दल आहे तें कळत नाहीं. संवय लागण्यास कांहीं आठवडे लागतात. थोराड कुत्र्याला अधिक.

चूक झाली म्हणून मारणें, किंवा नाक त्या जागीं घासणें, ही जुनी रीत अजून कित्येक घरांत आहे. त्यापासून कुत्रा एवढेंच शिकतो, कीं माणसासमोर लघवी करणें धोक्याचें आहे. मग तो माणसाच्या नकळत, सोफ्यामागें करतो. बांधून ठेवण्याचेंहि तसेंच. सदा बांधलेला कुत्रा भुंकणारा, चिडका होतो आणि साखळी जेवढी फिरते तेवढें वर्तुळ उजाड करतो.

कित्येक गृहस्थ यावर सोपा मार्ग काढतात; ते कुत्र्याला सकाळीं बाहेर हिंडवून आणतात आणि तो कार्यभाग दुसऱ्याच्या फाटकाशीं उरकून येतात. याला उपाय म्हणतां येत नाहीं.

पण खरी काळजी आहे ती पोटांत घालावयाच्या उपायांची. पाणी कमी दिल्यानें लघवी कमी होत नाहीं, दाट होते. म्हणजे डाग उलट वाढतात, आणि उन्हाळ्यांत जनावराचीं मूत्रपिंडें धोक्यांत येतात. माळीबुवांचा हेतु चांगला, पण हिशेब उलटा. कुत्र्यापुढें स्वच्छ पाणी चोवीस तास असलें पाहिजे. त्याच्या जेवणांतहि थोडें पाणी कालवावें. मीठ घालून तहान वाढवावी, असें कोणी सांगतात. परदेशांत याच हेतूनें टोमॅटोचा रस किंवा सॉस देतात, आणि त्या सॉसमध्यें मिठाबरोबर कांदा-लसूणहि असतो, जो कुत्र्याच्या रक्ताला विषारी आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्याला वाढीव मीठ फार महागांत पडतें. बाजारांत हिरवळ वांचविण्याच्या गोळ्याहि मिळतात. त्यांपैकीं कित्येकांत मेथिओनिन असतें, जें लघवी अधिक आम्ल करतें. लघवी मुद्दाम आम्ल केली तर एका जातीचे खडे होण्याचें भय, सोड्यानें अल्कधर्मी केली तर दुसऱ्या जातीचे. मूत्राशयांतील खडा ही काय पीडा आहे, हें ज्याच्या घरीं ती भोगली गेली त्यालाच विचारावें. प्रथिनें कमी करण्याचा विचारहि पशुवैद्याच्या सल्ल्यावांचून करूं नये. वाढत्या पिल्लाला व गाभण कुत्रीला तीं लागतातच.

वर सांगितलेल्या घरीं याच ठिकाणीं गोष्टीला निराळें वळण लागलें असें समजा. नातीनें कुत्रीची जबाबदारी स्वतःवर घेतली. आजोबांनीं तिला अट घातली, कीं प्रत्येक वेळीं दोन तांबे पाणी पडलेंच पाहिजे आणि त्याची नोंद वहींत झाली पाहिजे. सोडा कोणी घातला नाहीं. पाण्याचें भांडें कोणी उचललें नाहीं. तीन आठवडे नोंद रोज चार, क्वचित् पांच अशी होती. मग एका आठवड्यांत ती सात झाली, नऊ झाली. कुत्री बसे, थोडेसेंच करी, पुन्हां बसे. आजोबांना प्रथम वाटलें, कीं नात पाणी घालण्याच्या हौसेनें तांबे वाढवून लिहिते. दुसऱ्या दिवशीं पायरीवर लालसर थेंब दिसला आणि ते वही घेऊन स्वतः पशुवैद्याकडे गेले. मूत्राशयाला जंतुसंसर्ग झाला होता. औषधानें तो बरा झाला. पण अशा संसर्गांतील कित्येक जंतु युरिया फोडून लघवी अल्कधर्मी करतात आणि कुत्रींमध्यें त्यामुळेंच खडे धरतात. त्या तीन आठवड्यांत चमचाभर सोडा रोज पोटांत गेला असता आणि पाणी अर्ध्यावर आलें असतें, तर त्या जंतूंना दोन्ही बाजूंनीं मदत झाली असती. शेजारच्या गृहस्थांना हें कोणी ऐकविलें नाहीं. घरांत सोड्याचा विषय मात्र पुन्हां निघाला नाहीं.

म्हणून डाग हे नुसते डाग समजूं नयेत. डागांची संख्या एकाएकीं वाढली, कुत्रा पाणी फार पिऊं लागला, वारंवार बसूं लागला, कुंथूं लागला, किंवा लघवींत रक्त दिसलें, तर आधीं पशुवैद्याकडे जावें. हिरवळीचें मग पाहतां येईल. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, आणि शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयांतील पू, या सर्वांची पहिली खूण तहान व लघवी वाढणें हीच असते. शेवटचा विकार तर थोड्या दिवसांत जीव घेतो.

माणसांच्या बाजूनेंहि एक खबरदारी. लेप्टोस्पायरा नांवाचे जंतु उंदीर, कुत्रा, गुरें यांच्या लघवींतून पसरतात आणि ओल्या मातींत व सांचलेल्या पाण्यांत टिकून राहतात. मुंबईंत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर या तापानें पुष्कळ माणसें दगावलीं. तेथें मुख्य दोष उंदरांचा होता, पण कुत्र्यालाहि हा रोग होतो आणि त्याच्याकडून माणसाला लागतो. त्यावर लस आहे; ती कुत्र्याला दरवर्षीं टोंचून घ्यावी. पावसाळ्यांत पायाला जखम असतांना मुलांना ओल्या हिरवळीवर अनवाणी खेळूं देऊं नये.

आणि दूर्वांचें काय? हरळी आणि दूर्वा एकच, हें नव्या पिढीच्या ध्यानांत नसतें. गणेशचतुर्थीला अंगणांतूनच दूर्वा खुडण्याची ज्या घरची चाल आहे, तेथील आजीबाईंचा कुत्र्यावरचा राग हिरवळीच्या शोभेसाठीं नसतो. एका उंच कठड्यावर रुंद कुंडींत हरळीचे चार ठोंब लावून द्यावे. एकवीस जुड्यांपुरत्या दूर्वा तींत सहज होतात.

परक्या कुत्र्यांचा उपद्रव होऊं नये म्हणून फाटकाशीं लाल किंवा निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगण्याची प्रथा महाराष्ट्रांत गांवोगांव दिसते. कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच जातींच्या असतात. त्याला निळा व पिवळा हे रंग समजतात, तांबडा मात्र नीटसा समजत नाहीं. निळी बाटली त्याला दिसते, एवढें खरें. पण दिसलेल्या वस्तूला कुत्र्यानें भ्यावें असें कांहीं नाहीं. नवी वस्तु म्हणून दोन दिवस तो बिचकेल, तिसऱ्या दिवशीं त्या बाटलीवरच पाय वर करील. बाटली निदान निरुपद्रवी आहे. डांबराच्या गोळ्या व फिनेल तसे नाहींत. दोन्ही कुत्र्यामांजरांना विषारी आहेत, आणि फिनेलनें तर जी हिरवळ राखावयाची तीच जळते. तिखट टाकणें हा निव्वळ दुष्टपणा आहे. कुंपण दुरुस्त करावें. परक्या कुत्र्यावर याहून चांगला उपाय कोणास सांपडलेला नाहीं.

गवताच्या जातीविषयीं थोडेंसें. ॲलार्डच्या प्रयोगांत हरळी नाजूक ठरली; थंड हवेचीं फेस्क्यू आणि रायग्रास हीं गवतें चिवट ठरलीं. इंग्लंड-अमेरिकेंत ज्यांचीं मुलेंबाळें आहेत त्यांनीं तिकडे हें जरूर कळवावें. तिकडची केंटकी ब्लूग्रास नांवाची लोकप्रिय जात हरळीइतकीच नाजूक आहे, आणि हिवाळाभर बर्फावर सांचलेली लघवी वसंतांत एकदम जमिनींत उतरून डागांची रांगोळी काढते. आपल्या उन्हांत फेस्क्यू टिकावयाचें नाहीं, म्हणून हरळीवरच भागवावें लागतें. पण हरळीचा एक गुण या सर्वांवर मात करतो. ती धांवते. तिचीं धांवतीं खोडें जमिनीच्या वर व खालीं सरपटत जातात, पेऱ्यापेऱ्याला मूळ धरतात, आणि लहान डाग ऊब व ओल मिळतांच आपोआप भरून काढतात.

त्यामुळें दुरुस्तीची घाई करूं नये. प्रथम डागावर तीन दिवस रोज एक बादली पाणी जिरवावें, म्हणजे सांचलेले क्षार खालीं जातील. मग तीन आठवडे वाट पाहावी. पेऱ्याशीं हिरवा कोंब दिसला तर तेवढ्यावर थांबावें. चुना किंवा जिप्सम टाकण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. जिप्सम चोपण जमिनीला उपयोगी आहे, पण लघवींतील नत्र त्यानें नाहींसें होत नाहीं, आणि चुना तर कारणाशिवाय टाकूंच नये.

तीन आठवड्यांत कोंब न आला तर ती जागा मेली. ती दुरुस्त करण्यास उत्तम काळ म्हणजे मृग बरसून जमीन ओली झाल्यानंतरचा. दाताळ्यानें सुकें गवत ओढून काढावें, खुरप्यानें दोन इंच माती उकरून टाकावी. तिच्याजागीं दोन भाग चांगली माती व एक भाग चाळलेलें, पुरतें कुजलेलें शेणखत भरावें. अंगण काळ्या मातीचें असेल तर थोडी वाळू मिसळावी. शेणखत कच्चें असलें तर त्यांतून हुमणी यावयाची. मग हिरवळीच्याच निरोगी कडेवरून तीनचार पेऱ्यांच्या काड्या तोडून घेऊन, तीन तीन इंचांवर, दोन पेरीं मातींत आणि एक वर अशा तिरप्या लावाव्या व पायानें हलकेंच दाबाव्या. ज्यांना धीर नाहीं त्यांनीं रोपवाटिकेंतून तयार हिरवळीचा चौकोन आणून बसवावा. मात्र तो भोंवतालच्या पातळीशीं बरोबर जुळला पाहिजे, नाहीं तर कापतांना यंत्र त्याच्यावरच अडखळतें. या जागीं युरिया चिमूटभरहि घालूं नये.

आजोबांनीं त्या जूनमध्यें अकरा डाग असे लावले. चार आपोआप भरले होते. भोंवतीं बांबूच्या कामट्या रोवून सुतळी ओढली, आणि पाऊस उघडे त्या दिवशीं नात झारीनें पाणी घाली. कुत्री कोपऱ्यांत जाऊं लागली होती. कधीं कधीं अजूनहि हिरवळीवर बसते आणि तेवढ्यापुरते आजोबा कुरकुरतात. महिन्याभरानें काड्यांनीं मूळ धरलें. गवत अडीच इंच झाल्यावर पहिली कापणी करावयाची, तीहि उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नाहीं. ती झाली, कीं कामट्या काढून घ्याव्या आणि सुतळी गुंडाळून पुढच्या वर्षासाठीं ठेवावी.